एकेचाळीस नंबरचा ठिपका

साहेबाने मावशीला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे रागाच्या भरात मी इकडचं तिकडं बोललो तरी मूळ गोष्ट जागची हलायची नाही. फसवणारा साहेब, फसली ती मावशी, आणि त्या दोघांच्या मधे जे बोट होतं ते माझं.

मी द्राक्षबागांना मजुरांच्या टोळ्या पुरवतो. जन्म नांदगावकडचा, पण वाढलो नाशिकला, मार्केट यार्डात टोमॅटोचे कॅरेट उचलत. भाव करायला तिथेच शिकलो. शाळेत जे शिकवतात ते मला फारसं जमलं नाही, पण समोरचा माणूस कुठल्या आकड्यावर डोळे मिचकावतो हे मला लांबून कळतं. आज माझ्या दारात दोन पिकअप उभ्या असतात आणि बागायतदार मला स्वतःहून फोन करतात. यात कुणाचे उपकार नाहीत. तोंडाने तिखट आहे, हेही खरं. पण टोळीतल्या माणसाला मी कधी अर्ध्या रस्त्यात सोडलेलं नाही. नव्हतं, असं आता म्हणावं लागेल.

मावशी माझी मावशी नाही. हरसूलच्या वरच्या अंगाला जे तीन पाडे आहेत, त्या सगळ्यांची ती मावशी. साठीच्या आसपासची, काटकुळी, गुडघ्यापर्यंत लुगडं आणि डोक्याला बांधलेला टॉवेल. लिहिता-वाचता येत नाही. टोळीत ती इतरांसारखीच छाटणी करते, पण तिची एक रीत होती. हंगाम सुरू व्हायच्या आधी ती एकटी, कुणाला न सांगता, पहिल्या एस.टी.ने खाली उतरायची आणि ज्या बागेचं बोलणं चालू असेल तिथे दिवसभर रोजाने राबायची. पाणी कुठलं देतात ते पिऊन बघायची. बायकांची आंघोळीची जागा बघायची. बागेवरच्या माणसाचं तोंड कसं आहे ते ऐकायची. याला त्यांच्यात ‘जागा बघणं’ म्हणतात. मग संध्याकाळी बांधावर उभी राहून ती तीन पाड्यांतल्या तिघांना मिस्ड कॉल द्यायची. एक रिंग म्हणजे या. दोन रिंगा म्हणजे येऊ नका. बोलणं नाही, त्यामुळे बागेवर कुणाच्या कानावर काही जाण्याचा प्रश्नच नाही. त्या तिघांकडून निरोप घराघरांत.

मला ही रीत कधी आवडली नाही. सौदा मी करायचा, घसा मी कोरडा करायचा आणि शेवटचा शब्द तिच्या अंगठ्यात. पण तिचा शब्द कधी चुकला नव्हता, म्हणून मी गप्प बसायचो.

दोन हंगामांपूर्वी सायखेड्याकडच्या एका बागेचं मी सगळं ठरवून टाकलं होतं. मावशीने दोन रिंगा दिल्या. मी तणतणत पाड्यावर गेलो.

“का गं मावशी? आता काय खुपलं तुला?”

“पेस्ट लावायला मोजे नायत. नुसता स्पंज देत्यात हातात.”

छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना औषधाची पेस्ट लावतात. ती उघड्या हाताला लागली की कातडी जळते.

“अगं, मी मोजे मागून घेतो ना!”

“तू मागशील, तो पयल्या दिवशी देईल. मंग?”

“मग मी आहे की.”

“तू तवा दुसऱ्या बागंत भाव करत असशील,” ती म्हणाली, आणि बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

त्या बागेत एकही माणूस गेला नाही. छाटणीला आलेली बाग तशीच उभी राहिली. बागायतदाराने मला फोनवर जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. शेवटी त्याने विचारलं, “पण अडवलं कोणी? नाव सांग.” मी नाव सांगितलं नाही. हेही लिहून ठेवतो, कारण पुढे मी काय केलं ते तुम्ही वाचणारच आहात.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका कंपनीची ताई टॅबलेट घेऊन आली. बागायतदार आणि मजूर यांना जोडायचं काम करणारी कंपनी, असं तिने सांगितलं. मजुरांच्या सोयीसाठी पाहणी करायची होती, पाणी, पाळणाघर, हातमोजे वगैरे. तिला पाड्यांवर मीच माझ्या पिकअपमधून फिरवलं. पोरगी चांगली होती. लोकांबरोबर नागलीची भाकरी खाल्ली, ठसका लागला तरी मिरची सोडली नाही. ती प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारायची. कामाला कोणाबरोबर जाता? जायच्या आधी कोणाला विचारता? निरोप कसा येतो? आणि दर वेळी शब्द द्यायची, “नाव माझ्या वहीत राहील. कॉम्प्युटरात फक्त नंबर जाईल.” लोकांनी सगळं खरं सांगितलं. रिंगांचंसुद्धा. जिने आपल्या चुलीपुढे बसून भाकरी खाल्ली तिच्याशी खोटं बोलायचं नाही, एवढंच त्यांना माहीत.

पावसाच्या शेवटी त्या कंपनीच्या साहेबाने मला गंगापूर रोडच्या ऑफिसात बोलावलं. भिंतीएवढा पडदा, बाहेर ऊन असून आत थंडगार. ताई कोपऱ्यात बसली होती. साहेब हसतमुख, अहो-जाहो करणारा, अंगावर इस्त्रीची घडी न मोडलेला शर्ट. त्याने बटण दाबलं आणि पडद्यावर शेकडो ठिपके सांडले.

“एवढंच?” मी म्हणालो. “ही तर परातीत सांडलेली नागली.”

“थांबा, बसू द्या त्यांना,” साहेब म्हणाला.

ठिपके वळवळायला लागले. एकमेकांना ढकलत, ओढत, रेघा ताणत ते आपापल्या जागा शोधत होते. साहेबाने समजावून सांगितलं, एक ठिपका म्हणजे एक माणूस. एकाने दुसऱ्याचं नाव घेतलं की त्यांच्यात एक रेघ. ज्यांचं एकमेकांशी जास्त जमतं त्यांना कॉम्प्युटर जवळ ओढतो, ज्यांचं नाही त्यांना लांब ठेवतो. थोड्या वेळाने सगळं शांत झालं. पडद्यावर तीन पुंजके दिसत होते. नावगाव काही नाही, नुसते नंबर. तरी मला ओळख पटली. मी ते तीन पुंजके डोळ्यांनी आधीच पाहिलेले होते, फक्त डोंगराच्या उतारावर आणि घरांच्या रूपात.

“यात मी कुठे?”

पाहणीच्या वेळी माझी माहिती मी ऑफिसातच दिली होती, त्यामुळे माझ्या ठिपक्याचा नंबर त्याला माहीत होता. त्याने दाखवला. मोठा हिरवा ठिपका, गोमीच्या पायांसारख्या रेघा फुटलेला. मी खुर्चीत ताठ बसलो.

“बघितलंत? उगाच नाही लोक मला फोन करत.”

“प्रश्नच नाही. आता गंमत बघा. तुम्हाला काढून टाकतो.”

त्याने बटण दाबलं. माझा ठिपका गेला. बाकीचे जरासे हलले आणि पुन्हा होते तसे बसले. मी गेल्याचं कुणाला कळलंसुद्धा नाही.

“हे काय?”

“मनाला लावून घेऊ नका. तुम्ही पुष्कळांना ओळखता, पण तुमच्यावाचून त्यांचं अडत नाही. ते आतून एकमेकांना धरून आहेत. आता हा बघा, एकेचाळीस नंबर.”

तीन पुंजक्यांच्या मधे एक लहानसा ठिपका होता. त्याला रेघा किती, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. साहेबाने तो काढला. चित्र एकदम थरथरलं. तीन पुंजके सुटे झाले आणि हळूहळू एकमेकांपासून लांब सरकत पडद्याच्या तीन कडांना जाऊन थांबले. मधे नुसता काळा पडदा उरला.  

 मी एवढा मोठा ठिपका, आणि हा टिचभर कोण?

“हा आहे कोण?” मी विचारलं.

“तेच तर आम्हाला माहीत नाही,” साहेब हसला. “नाव ताईंच्या वहीत आहे आणि ताई वही देत नाहीत.”

“लोकांना शब्द दिलाय सर,” ताई म्हणाली.

“बरोबर आहे, बरोबर आहे. पण मुकादम, तुम्हीच विचार करा. या एका माणसाला गाठलं तर हातमोजे, पाणी, सगळं एका फटक्यात तिन्ही पाड्यांना पोचेल.”

सौदा समोर आला की माझं डोकं दुसरं काही बघत नाही. तो माझा धंदा आहे आणि तोच माझा रोग आहे. मी विचारलं, “ओळखून दाखवलं तर माझ्या टोळ्यांना काय?”

“पहिला मान तुमच्या टोळ्यांना.”

“मोजे जाड हवेत. कोपरापर्यंतचे.”

“दिले.”

मी उठून पडद्यापाशी गेलो आणि चित्र वाचायला लागलो. हे पाच ठिपके एकमेकांना इतके चिकटलेले, म्हणजे एका चुलीवर जेवणारे. त्या पाड्यावर असं एकच घर आहे. इकडच्या या दोन ठिपक्यांची एकच रेघ लांब जाते, म्हणजे पेठकडे दिलेल्या दोघी बहिणी. त्या दोघी आणि ते पाच, दोघांनाही धरून असणारं माणूस जगात एकच. मी एकेचाळिसावर बोट ठेवलं.

“ही मावशी.” आणि वर तिचा पाडाही सांगितला.

साहेबाने टाळी वाजवली. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

खाली पिकअपपाशी ताई मागून आली. “दादा, तुम्ही हे करायला नको होतं.”

“काय केलं? चित्र वाचून दाखवलं. त्यात काय झालं?”

“त्यांना ते वाचता येत नव्हतं,” ती म्हणाली, आणि परत वर गेली. महिन्याभरात तिने ती नोकरी सोडल्याचं कळलं.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी साहेबाची पांढरी गाडी हरसूलला आली. त्याने मावशीला सगळ्यांदेखत शाल दिली, गळ्यात फोटोचं कार्ड घातलं. कार्डावर ‘समन्वयक’ लिहिलं होतं. “काय लिवलंय रं?” मावशीने मला विचारलं. “तू मोठी झालीस असं लिहिलंय,” मी म्हणालो. मग साहेबाने तिच्यासाठी नवा फोन काढला. तो बघून माझ्यातला यार्डातला माणूस जागा झाला. हा नको, मोठ्या आवाजाचा द्या. कव्हर द्या. उन्हावर चार्ज होणारी बॅटरी द्या, पाड्यावर वीज टिकत नाही. साहेब प्रत्येक गोष्टीला “दिलं” म्हणत गेला. जो माणूस एकदाही घासाघीस करत नाही त्याला आपल्याकडून काहीतरी दुसरंच हवं असतं, हे मला यार्डातल्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्या दिवशी ते कुठे गेलं होतं कोण जाणे. मी येणाऱ्या मालाकडे बघत राहिलो. जाणाऱ्या मालाकडे बघितलंच नाही.

“जुना फोन आमच्याकडे जमा करावा लागेल,” साहेब सहज म्हणाला. “सिमकार्डासकट. जुन्या नंबरवर कोणाचे फोन आले तर आम्ही नव्यावर वळवू.”

मावशीने माझ्याकडे बघितलं. “देऊ का रं?”

“दे गं. डबडं तर आहे.”

तिने जुन्या फोनला बांधलेला लाल दोरा सोडला, दोरा कमरेला खोचला आणि फोन दिला. साहेबाने तो खिशात नाही टाकला. बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि चेन लावली.

गोडी छाटणीचे, म्हणजे फळ धरायच्या छाटणीचे दिवस आले. सायखेड्याच्या त्याच बागायतदाराचा पुन्हा फोन आला, या वेळी साहेबाच्या कंपनीमार्फत. आता मोजे आहेत, सगळं सुधारलंय, असं तो म्हणाला. मी पाड्यांवर सांगितलं, मावशी जागा बघेल, तिची रिंग आली तरच गाड्या लावतो. त्याच आठवड्यात साहेबाने मावशीला नाशिकला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही पाड्यांत एक-एक रिंग गेली. मावशीचा नंबर, एकच रिंग. मला फोन आला, “मुकादम, मावशीची रिंग आली. गाडी लाव.” तिला नाशिकला जाताना मी स्वतः एस.टी.त बसवलं होतं. मनात आलं, म्हातारी तिकडूनच परस्पर जागा बघायला गेली असेल. नेहमी एकटीच तर जाते. रिंग संध्याकाळची नाही, सकाळची कशी, हे माझ्या डोक्यात आलं नाही. गाड्या भरल्या आणि बागेत नेऊन उतरवल्या.

त्या दिवशी दुपार कलल्यापासून माझ्या फोनवर एका अनोळखी नंबरच्या दोन रिंगा आल्या. थोड्या वेळाने पुन्हा दोन. पुन्हा दोन. कर्ज घ्या म्हणून मागे लागतात त्यातलं कुणी असेल, म्हणून मी तो नंबर ब्लॉक करून टाकला. टोळीतल्या लोकांनीही तेच केलं. तो मावशीचा नवा नंबर होता; आमचे सगळ्यांचे नंबर कंपनीने तिच्या नव्या फोनात उतरवून दिले होते. फोनचं कव्हरसुद्धा मी मागून घेतलं, पण नंबर ना मी लिहून घेतला, ना पाड्यांवर कुणाला दिला. ट्रेनिंग आटपून ती पाड्यावर परतली तेव्हा घरं रिकामी होती, तुझ्याच रिंगेवर गेलीत असं मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, आणि ती दाराशी बसून अंधार पडेपर्यंत येऊ नका, येऊ नका म्हणून रिंगा देत राहिली.

बागेत मोजे होते. एक खोका, शेडच्या फळीवर, पातळ प्लास्टिकचे. दुपारपर्यंत फाटले. मी तोवर दुसऱ्या बागेत भाव करायला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी मावशीच्या बहिणीच्या लेकीला दवाखान्यात न्यावं लागलं. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी बोटांची कातडी निघाली होती. तिला मी गाडीत घातलं तेव्हा ती रडत नव्हती. दोन्ही हात पुढे धरून बसली होती आणि एवढंच म्हणत होती, “मावशीनं तर एकच रिंग दिली.”

जखमा आता भरल्यात, पण मूठ वळत नाही. भाताची कापणी तिने या वर्षी बांधावर बसून बघितली.

मावशी सगळ्यांच्या दारी जाऊन आली. “म्या रिंग दिली नाय.” लोक विचारतात, मग दिली कुणी? नंबर तर तुझाच. तिच्या गळ्यातल्या कार्डाकडे बघतात, नव्या फोनकडे बघतात. बाजारात एका बाईने माझ्यादेखत ऐकवलं, “शाल ऊबदार हाय ना गं मावशी?” मावशी पुढे चालू लागली. आता ती जागा बघायला जात नाही. गेली तरी तिच्या रिंगेवर कोण उठणार? एक पाडा आता कंपनीच्या मेसेजवर जातो, एक दुसऱ्या मुकादमाकडे गेला, तिसऱ्यातली माणसं सुटीसुटी जातात आणि मिळेल ती बाग धरतात. मधे कोणी नाही. हे चित्र मी आधी पाहिलेलं आहे. काळ्या पडद्यावर, तीन कडांना तीन पुंजके.

मी साहेबाकडे गेलो. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो हसतमुखच होता.

“मुकादम, पाणी घ्या. कोणता कॉल? आमच्याकडून काही टेस्टिंग झालं असेल तर मला बघावं लागेल.”

“मावशीच्या नंबरवरून रिंग गेली. तो नंबर तुमच्या बॅगेत होता.”

“आणि एका मिस्ड कॉलवर माणसं कामाला जातात? असं कुठे असतं का? कोण विश्वास ठेवेल?”

“तुमच्याच पाहणीत लिहिलंय ते.”

“पाहणीत तर नुसते नंबर आहेत हो,” तो म्हणाला. “नाव तुम्ही सांगितलंत.”

 आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या टेबलावरून काही न मागता उठलो.

परवा मावशी माझ्याकडे आली. नवा फोन, बॅटरी, कव्हर, कार्ड, शाल, सगळं एका पिशवीत घालून तिने माझ्या ओट्यावर ठेवलं. “हे तूच मागून घेतलं हुतंस. तूच परत दे.” मग जाता जाता विचारलं, “त्यांना मी गावली कशी रं? एवढ्या माणसांत माझंच नाव कुणी सांगितलं?”

मी म्हणालो, “मला काय माहीत.”

ते खोटं होतं. म्हणून हे लिहितोय.

साहेब, पिशवी घेऊन मी येत्या बाजाराच्या दिवशी हरसूलला उभा असेन, जिथे तुम्ही तिला शाल दिलीत त्याच जागी. बोट कोणाचं होतं, ते मी तिथे सगळ्यांदेखत तिला सांगणार आहे, तुम्ही आलात तरी आणि नाही आलात तरी. मग मला पाड्यावर कुणी पाणी विचारलं नाही तरी चालेल. पण रिंगेचं उत्तर माझ्याकडे नाही. ते तुमच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहे. टेस्टिंग, सिस्टीम, बघावं लागेल, यातलं काही नको. घासाघीस नाही. त्या पोरीच्या हातांकडे बघून एवढंच सांगा, मावशी तुमच्या ट्रेनिंगच्या हॉलमधे खुर्चीवर बसलेली असताना तिच्या नंबरवरून ती एक रिंग कोणी दिली?